तिसऱ्या खांबापाशी: एका बेघर माणसाचे 43 दिवस आणि सात कार्यालयं

हे प्रकरण उत्तर गोव्यातल्या एका बाजाराच्या शहरातलं, 2024 च्या पावसाळ्यातलं. शहराचं, कार्यालयांचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. ज्यांच्या टेबलांपुढे मी उभी राहिले त्यांतले दोघे-तिघे माझ्याच वर्गात बाराखडी गिरवून गेलेले. मराठी प्राथमिक शाळेत 31 वर्षं काढली की तालुक्यातलं एकही कार्यालय अनोळखी राहत नाही. त्यांच्यापैकी कुणी माझ्याशी वाईट वागलं किंवा अंग चोरलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, दोघांनी तर स्वतःच्या खिशातून पैसे पुढे केले. तरीही पायाला उघडी जखम असलेला, मधुमेहाचा, साठी ओलांडलेला माणूस 43 रात्री बाजाराच्या व्हरांड्यात झोपला. चांगल्या माणसांच्या हातून हे कसं झालं, ते मला नीट मांडायचं आहे.

माणूस

बाजारात त्यांना वॉचमनकाका म्हणत. मूळ गाव दोडामार्ग तालुक्यातलं. विशीत गोव्यात आले, खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागले आणि पुढे ड्रायव्हर झाले. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा डिचोली-सांखळीच्या रस्त्यांवरचे ट्रक दारोदारी उभे राहिले. काकांच्या मालकाने ट्रक विकून टाकला. मग ते एका इमारतीवर रखवालदार म्हणून राहिले. पगार बेताचा, पण जिन्याखालची खोली फुकट. पंप चालू करायचा, कचरा बाहेर ठेवायचा, रात्री गेट लावायचं. अशी अकरा वर्षं गेली. बायको त्याच खोलीत वारली. मूलबाळ नाही.

2024 च्या जूनमध्ये इमारतीने सुरक्षा एजन्सी नेमली. एजन्सीची मुलं पाळीपाळीने येतात, त्यांना खोली लागत नाही. जिन्याखाली आता इन्व्हर्टर बसवायचा होता. काकांना महिन्याचा पगार जास्तीचा दिला, आणि ज्या दिवशी नोकरी सुटली त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही सुटलं.

बेघर म्हटलं की दारुडा, वेडा, भिकारी अशी चित्रं डोळ्यांपुढे येतात, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितलं. गोव्यात कितीतरी माणसांचं छप्पर असं नोकरीला बांधलेलं आहे. हॉटेलच्या भटारखान्यामागे झोपणारे आचारी, ट्रॉलरवरचे खलाशी, बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोपीत राहणारी कुटुंबं, बंगल्यांची राखण करणारी म्हातारी जोडपी. त्यांची एक नोकरी गेली की रस्ता एका रात्रीच्या अंतरावर येतो.

मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, "काका, गावी का जात नाही?" ते म्हणाले, "बाई, गावी भावाचं घर आहे. माझं नाही." पुढे कधी मी तो विषय काढला नाही.

व्हरांडा

बाजार-संकुलाच्या पश्चिमेच्या व्हरांड्याला सहा खांब आहेत. पहिल्या दोघांपाशी पावसाची झड येते. चौथ्याच्या पुढे मासळीचं पाणी वाहतं. तिसऱ्या खांबाच्या आडोशाला तेवढी कोरडी जागा उरते, ती काकांची. साडेआठला दुकानांची शटरं पडली की अंथरूण घालायचं. पहाटे पाचच्या आत उचलायचं, कारण फुलंवाल्या बायका येतात आणि त्यांचा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे. अंथरूण म्हणजे सिमेंटची दोन पोती उसवून शिवलेली. चपला डोक्याखाली, नाहीतर सकाळी मिळत नाहीत. जखमेच्या पायावर पावाच्या बेकरीची प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या पिशवीच्या आत पाय कसा राहिला असेल?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाय सुजला. 108 ची गाडी आली आणि सरकारी इस्पितळात भरती झाली. तिथे चांगले उपचार झाले हे मी आवर्जून सांगते. बारा दिवस खाट, औषध, जेवण, एक पैसा लागला नाही. मग खाट दुसऱ्याला हवी होती. 24 जुलैला डिस्चार्ज मिळाला.

ते डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलं आहे: घरी पूर्ण विश्रांती, पाय उंचावर ठेवणे, जखम कोरडी ठेवणे, रोज ड्रेसिंग, इन्सुलिन दोन वेळा, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणे.

काकांनी कार्ड चारपदरी घडी करून खिशात ठेवलं आणि पुन्हा तिसऱ्या खांबापाशी गेले. इन्सुलिनची बाटली कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आपल्या सोड्याच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतली, लिंबूसोड्याच्या रांगेमागे. सुई टोचायला सकाळी औषधाच्या दुकानातला मुलगा यायचा, संध्याकाळी मी. रविवारी चहाचं दुकान बंद. शनिवारी रात्री बाटली मी घरी न्यायची.

सात दारं

पहिलं दार पालिकेचं. माझ्या विद्यार्थ्याने फाइलीतून डोकं वर काढून सांगितलं, "बाई, आमच्याकडे निवाराच नाही. बजेटमध्ये तसलं हेडच नाही." पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, ते भीक मागत असते तर 1972 च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली काहीतरी करता आलं असतं. काका भीक मागत नव्हते. इस्पितळाने सांगितलं, जखम बिघडली तर आणा, बऱ्या होत असलेल्या माणसाला खाट देता येत नाही. नगरसेवकाने माझ्यासमोर दोन फोन लावले. त्यानंतर त्याचाही निरोप आला नाही.

वृद्धाश्रम सरकारी अनुदानावर चालणारा होता. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला. जवळच्या नातेवाइकाची सही हवी, स्वतःचं स्वतः करता यायला हवं, उघडी जखम नसावी. अटी समजण्यासारख्या आहेत. वीस म्हाताऱ्यांमागे दोन मदतनीस असतील तर जखमेचा माणूस घ्यायचा कसा? पण मग ज्याला नातेवाईक नाही आणि ज्याचा पाय चालत नाही, त्याने कुठे जायचं, याचं उत्तर त्या फॉर्ममध्ये नव्हतं.

समाजकल्याणाच्या कार्यालयात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची चौकशी केली. तेव्हा महिन्याला 2,000 रुपये मिळत, एखाद्या खोलीच्या भाड्याला हातभार लागला असता. त्यासाठी गोव्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. काका गोव्यात चाळीस वर्षं राहिले होते. पुरावा मामलेदाराकडून आणायचा.

मामलेदार कार्यालयात मात्र मी चार खेपा घातल्या आणि खरं प्रकरण मला तिथे उलगडलं. रहिवासी दाखल्यासाठी घरपट्टी, वीजबिल किंवा भाडेकरार लागतो. जिन्याखालच्या खोलीला यातलं काहीच नसतं. काकांच्या आधार कार्डावर इमारतीचा पत्ता होता. तलाठी चौकशीला गेला तेव्हा सोसायटीने लिहून दिलं की ही व्यक्ती इथे राहत नाही, आणि ते खरंच होतं. गावच्या मतदारयादीतून नाव केव्हाच कमी झालेलं, इथल्या यादीत कधी चढलंच नाही. आधारवरचा पत्ता बदलायचा तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचा दाखला चालतो. शहरात निवारागृहच नाही.

टेबलावरची मुलगी तिसऱ्या खेपेला म्हणाली, "बाई, हांव कितें करूं? ते चाळीस वर्षं इथे आहेत हे मला दिसतंय. पण मी लिहू कुठल्या घरासमोर?"

त्या प्रश्नापाशी मला कळलं की आपण दयेच्या अभावाशी भांडत नाही. या मुलीच्या मनात दया भरपूर आहे. तिच्या रजिस्टरात घर नसलेल्या माणसासाठी रकाना नाही. रकाना ती पाडू शकत नाही, तो वरून पाडावा लागतो. राजकीय इच्छाशक्ती म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी तो रकाना दाखवीन.

कागदावर जबाबदारी आहे

निवृत्तीचा वेळ हाताशी होता, म्हणून वाचत बसले. जबाबदारी कुणाची याबद्दल कागदावर फारशी शंकाच नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्यसूचीच्या नवव्या नोंदीत, अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना साहाय्य हा विषय राज्याचा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या परिशिष्टात शहरी दारिद्र्य निवारण आणि दुर्बल घटकांचं हितरक्षण हे विषय पालिकांच्या यादीत आले. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याचं 19 वं कलम प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची गोष्ट करतं. तिथे शब्द मात्र ‘राज्य सरकार स्थापन करू शकेल’ असा मोकळा आहे. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक मी चौथीच्या मुलांना शिकवत असे. त्या एका क्रियापदाने किती म्हातारी माणसं बाहेर राहतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

न्यायालयंही मागे राहिलेली नाहीत. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने मुंबईच्या पदपथांवरच्या माणसांचा उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. 2010 मध्ये दिल्लीतल्या थंडीत निवारे पाडले गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने शहरांत बारमाही निवाऱ्यांचा आग्रह धरला. पुढे 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान आलं आणि त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. निवारा चोवीस तास आणि बारा महिने उघडा, माणशी किमान 50 चौरस फूट जागा, आणि तिथूनच रेशन, ओळखपत्र, पेन्शनची जोडणी. 2016 मध्ये न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली, कारण पैसा असूनही राज्यांत निवारे उभे राहत नव्हते.

आता गोव्याची खास अडचण. या योजनेचं माप होतं एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या एकाही पालिकेची लोकसंख्या लाखाला पोहोचली नव्हती. मुरगाव सर्वांत मोठी, तीही लाखाच्या आतच. पणजी आणि म्हापसा प्रत्येकी चाळीस हजारांच्या घरात. राज्य म्हणून पाहिलं तर 14.58 लाखांतले 62 टक्के लोक शहरी, म्हणजे नऊ लाखांच्या वर. पण शहराशहराने मोजलं तर प्रत्येक पालिका म्हणू शकते की आमचा लाख भरत नाही. सुरुवातीला जिल्ह्याच्या मुख्यालयांना लोकसंख्येची अट नव्हती, बाकीच्यांना होती. इच्छा असेल तर तालुक्याचे आकडे एकत्र करता येतात, शंभराऐवजी तीस माणसांची जागा राज्याच्या पैशातून काढता येते. लहान राज्याला खरं म्हणजे हे सोपं. याच जनगणनेने 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री फिरून गोव्यात 3,051 बेघर मोजले. देशात 17.73 लाख होते. दिल्ली-मुंबईला डोकं धरून बसावं लागतं असा हा आकडा नव्हे. 3,051 म्हणजे एका मोठ्या हायस्कुलातली मुलं. त्यांची नावं पाठ करता येतील.

इच्छा कुठे दिसते

सरकारला जमत नाही हे मी मानत नाही, कारण जमलेलं मी पाहिलं आहे. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केंद्राने 28 तारखेला आपत्ती निवारणाचा निधी बेघर आणि अडकलेल्या मजुरांच्या राहण्या-जेवणासाठी खुला केला. गोव्यातही क्रीडा-संकुलांत गाद्या पडल्या आणि दोन वेळचं जेवण पोहोचलं. कुणी पंधरा वर्षांचा दाखला मागितला नाही. कारण त्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्याच्या नावावर जबाबदारी होती आणि रोज संध्याकाळी आकडा वर कळवायचा होता.

घरांच्या बाबतीतही इच्छा दिसते. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेने सरकारी आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामुदायिक मालकीच्या, जमिनीवरची 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची घरं नियमित करण्यासाठी कायदे बदलले. ज्यांच्या भिंती अनेक वर्षं टांगणीला लागल्या होत्या त्यांना त्यातून दिलासा मिळाला, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्याला भिंतच नाही त्याच्यासाठी त्या अधिवेशनात दिलासा नव्हता. पाडण्याची इच्छाही आपण पाहिली आहे. जून 2004 मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती बुलडोझरने साफ झाली. पुनर्वसन तेव्हा मागे राहिलं, यंत्रं पुढे गेली. म्हणजे यंत्रणा आहे, पैसा आहे, वेगही आहे. बेघर माणसाच्या बाजूने त्या वेगाला मागणी नाही, कारण घर असलेला माणूस मतदार असतो आणि व्हरांड्यातला कुणाच्याच यादीत नसतो.

माटोळीचा बाजार

चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. 5 तारखेच्या संध्याकाळी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या मांडवाचा, बाजार भरला. ज्यांनी गोव्यातली चतुर्थी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सत्तरी-काणकोणातून रानातली फळं उतरतात, सुपारीची शिपटी, आंबाडे, मावळिंग, कवंडळं, नारळाच्या पेंडी, आणि विकणारे दोन रात्री मालापाशीच बसतात. पश्चिमेचा व्हरांडा सगळा हिरवागार झाला. तिसऱ्या खांबाला माटोळीच्या वेली टेकवल्या होत्या. काकांनी तक्रार केली नाही. त्यांनी एका विक्रेत्याला नारळ उतरवायला हात लावला, पोती काखेत घेतली आणि बसस्टँडकडे गेले. स्टँडच्या शेडखाली त्या रात्री गावी जाणाऱ्यांची गर्दी. ते शेडच्या कडेला, पावसाच्या धारेत बसून राहिले. सकाळी ताप होता. पायावरची बेकरीची पिशवी पाण्याने भरलेली होती.

भरती, शस्त्रक्रिया, उजव्या पायाची दोन बोटं गेली. मी आधीच्या 43 दिवसांचा हिशेब घालते तेव्हा मला इन्सुलिनचा किंवा ड्रेसिंगचा हिशेब लागतो. फक्त ‘जखम कोरडी ठेवणे’ एवढं एक वाक्य कुणाला पाळता आलं नाही, आणि त्यासाठी डॉक्टर नको होता, दार असलेली एक खोली हवी होती. खर्चाचं म्हणायचं तर इस्पितळातली दुसरी खेप, शस्त्रक्रिया, खाट, हे सगळं सरकारनेच सोसलं. निवाऱ्यातल्या एका खाटेचा 43 रात्रींचा खर्च त्याच्यापेक्षा किती कमी झाला असता, हे आरोग्य आणि नगरविकास ही दोन खाती एका टेबलावर बसली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दुसऱ्या डिस्चार्जनंतर एका धर्मादाय आश्रमातल्या सिस्टरांनी त्यांना जखम भरेपर्यंत ठेवून घेतलं. पोर्तुगीज काळातल्या मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेपासून आजच्या मठ-देवस्थानांपर्यंत गोव्यात हे काम श्रद्धेने झालं आहे आणि त्याबद्दल मी हात जोडते. पण सिस्टरांनीच मला सांगितलं, "टीचर, आम्ही घेतो हे खरं, पण आम्ही नाही म्हटलं तर त्याला विचारणारा कुणीतरी हवा." त्यांच्याकडे चौदाच खाटा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला काका काठी टेकत बाजारात परत आले.

मी पालिकेला लेखी अर्ज दिला. त्यात तीन गोष्टी मागितल्या. शहरातल्या बेघरांसाठी एका अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा, ज्याला रात्री फोन लावता येईल आणि ज्याला ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणता येणार नाही. इस्पितळातून बेघर रुग्ण सुटायच्या आधी त्या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक करा. आणि पालिकेच्या बंद पडलेल्या जुन्या वाचनालयाच्या दोन खोल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तरी उघडा. अर्जावर आवक क्रमांक पडला. उत्तर आलेलं नाही, मी दर पंधरवड्याला जाते.

त्याच महिन्यात मतदारयादीची वार्षिक दुरुस्ती चालू होती. निवडणूक आयोगाचा एक नियम मला वाचताना सापडला होता. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी घराचा पुरावा लागत नाही. तो जिथे झोपतो ती जागा फॉर्म 6 मध्ये लिहायची, आणि बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने, रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, तेही एकाहून अधिक रात्री. सगळ्या सरकारात मला हा एकच रकाना असा मिळाला. 2022 मध्ये विधानसभेची सांत आंद्रेची जागा 76 मतांनी ठरली होती, पणजीची 716 मतांनी. हे आकडे मी काकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, लिहा."

आम्ही तीन फॉर्म भरले, काकांचा आणि पोस्टाच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्या दोघांचा. बीएलओ अंगणवाडीतली बाई, दिवसभर मुलं सांभाळून थकलेली. पहिल्या रात्री पावणेअकराला नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवून आली. मोबाइलचा उजेड खाली धरून तिने विचारलं, "काका, जागे आहात?" काका उठून बसले, टोपी घातली. तिने नाव विचारलं, वय विचारलं, आणि पत्त्याच्या ओळीपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं तसं तिने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: बाजार-संकुल, पश्चिम व्हरांडा, तिसरा खांब. दुसऱ्या रात्री ती पुन्हा आली.